गाडी कुठून निघते

पुंडलिकनगरच्या आमच्या अंगणात एक गाडी होती आणि तिच्याभोवती जी जागा उरली होती तिच्यात आम्ही राहत होतो. गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, स्टिअरिंग डाव्या हाताला. मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. छावणीतल्या एका बंगल्यामागे ती कित्येक वर्षं उभी होती. बाबांनी ती प्रथम पाहिली तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. बंगल्याचे मालक हैदराबादकडचे एक थकलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, कोंबडी सोडून बाकी सगळं घेऊन जा. बाबा घेऊन आले. टेम्पोच्या मागे दोराने बांधून ओढत आणलेली ती गाडी आईने दारात उभं राहून पाहिली, आणि त्या दिवसापासून गाडीचं नाव ‘तुमची ती’ पडलं. तुमची ती जरा सरकवा, पापड वाळत घालायचेत. तुमच्या तिच्यामुळे गॅसवाला सिलिंडर फाटकातच ठेवून गेला. गाडीबद्दल आई कधी चिडून बोलली नाही. शेजारच्या बाईंची चौकशी करावी तशी ती तिच्याबद्दल बोलायची.

बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तेव्हा शहराला कारखान्यांचं पीक आलं होतं. रविवारी वाळूजकडे चक्कर मारली की मागच्या रविवारी नसलेली एखादी शेड तिथे उभी असायची, आणि तिच्यापुढे पाटी रंगवणारा माणूस शिडीवर असायचा. आमचं घर भोंग्यावर चालायचं. सकाळच्या भोंग्याला कुकर, संध्याकाळच्या भोंग्याला देवापुढे दिवा. शहर बंद असलं तरी भोंगा वाजायचाच, कारण तो वाजवणारा माणूस कारखान्यातच राहायचा. मग कामावर कुणी गेलेलं नसताना आमचा कुकर मात्र वेळेवर चढायचा.

शहर त्या काळात बऱ्याचदा बंद असायचं. प्रश्न एकच होता, विद्यापीठाच्या नावाचा. आमच्या घरात त्यावर बोलायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. पाहुण्यांनी विषय काढला की आई ‘पोहे टाकते’ म्हणून उठायची आणि विषय पोह्यांवर जायचा. मी छावणीतल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. कुणी काही विचारलं की कोणत्या भाषेत उत्तर द्यायचं हे ठरेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. कॉलेजला जायला लागले तेव्हा बसच्या खिडकीतून भिंतींवरच्या घोषणा वाचायची. ‘झालंच पाहिजे’ आणि ‘होऊ देणार नाही’, एकाच भिंतीवर, कधी कधी एकाच रंगात. माझं मराठी वाचन बरंचसं त्या भिंतींनी सुधारलं.

कारखानदारांच्या मुलांनी एक मंडळ काढलं आणि त्या मंडळाने शर्यत ठरवली, तेव्हा बाबांच्या गाडीला एकदम कारण मिळालं. नव्या वसाहतीत एक रस्ता तयार होऊन पडला होता. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, खांबांवर दिवे नाहीत. उद्‌घाटन व्हायचं होतं आणि मंत्री यायला तयार नव्हते, कारण आल्यावर त्यांना नावाबद्दल विचारलं असतं. त्या रस्त्यावर दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सोडायच्या, चारशे मीटर. बाबांनी मला जेवताना समजावून सांगितलं. चारशे मीटरचं काही नाही, पहिल्या दहा फुटांतच सगळं आहे. एवढं ताकदीचं इंजिन म्हणतं चल. रस्ता म्हणतो थांब. दोघांच्या मध्ये असतो एक पोलादी दांडा, इंजिनाचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारा. त्याला शाफ्ट म्हणायचं. “दोघांच्या भांडणात मधला मरतो,” बाबा म्हणाले, आणि आईने त्यांना आमटी वाढली.

मधला तीनदा मेला. मूळचे शाफ्ट गंजलेले होते, आणि अमेरिकेतून नवे मागवणं आमच्या कल्पनेतही बसत नव्हतं. बाबांनी मोडीत निघालेल्या ट्रकचे शाफ्ट आणले आणि वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून ते कातून, दाते पाडून, पाणी देऊन घेतले. पोलाद तापवून कडक करायचं त्याला पाणी देणं म्हणतात. रविवारी सकाळी आम्ही गाडी त्या रस्त्यावर नेऊन तालीम करायचो, आणि शाफ्ट तुटायचा. आवाज फारसा नसे. पोळपाटावर लाटणं आपटावं तेवढा. मग इंजिन मोकळं होऊन ओरडायचं आणि गाडी जिथल्या तिथे उभी.

तालमीला आम्ही पाच जण असायचो. बाबा आणि आई. रशीदचाचा, छावणीतले मेकॅनिक, ज्यांनी ते इंजिन पुन्हा जिवंत केलं होतं. दादाराव, जे बाबांच्या कारखान्यात तयार झालेल्या गाड्या चालवून पाहायचे आणि आमची गाडीही तेच सोडायचे. आणि मी. बाबा दादारावांना अरे-तुरे करत, ते बाबांना साहेब म्हणत. मी त्यांना अहो-जाहो करायची आणि ते मला ताई म्हणून अहो-जाहो करत. आमच्याकडे चहा घ्यायला त्यांचा एक स्टीलचा पेला होता, काठाला चेपलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. तो तिथे का असतो हे घरात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आता विचारते तर आई म्हणते, कुठला पेला?

शाफ्ट का तुटतो याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. बाबांचं मत, पाणी जास्त दिलं, पोलाद ठिसूळ झालं. रशीदचाचांचं मत, क्लच एकदम पकडतो. “पट्टी बदलो साब, मैं कब से बोल रऊँ, सुनते कां आप!” दादारावांचं मत, आपला पाय जड पडतो, आणि हे ते खाली मान घालून सांगत. दुसरा शाफ्ट मात्र बाबांनी स्वतः तोडला होता, त्यामुळे पायाचा मुद्दा फार ताणला गेला नाही. आईचं मत होतं की गाडीला दृष्ट लागते.

त्यामुळे पहिल्या तालमीला दोन लिंबं होती. शाफ्ट तुटला. दुसऱ्या तालमीला मागच्या दोन्ही चाकांखाली दोन-दोन लिंबं, आणि लेक सासरी निघताना गाडीच्या चाकावर घालतात तसं तांब्याभर पाणी. शाफ्ट तुटला. तिसऱ्या खेपेला त्यात नारळ आला, आणि नारळाचं पाणीही चाकांवरच गेलं. खरं तर पूजा गाडीच्या तोंडाशी करायची असते. पण तोंडाशी बाबांनी खडूने रेघ आखलेली असायची, तिच्यावर पुढची चाकं तंतोतंत टेकवलेली असायची, आणि रेघ पुसली तर बाबा मोजणी पुन्हा करत बसायचे. म्हणून आई मागच्या चाकांपाशी उरकायची.

आईची पूजा चालू असताना तिन्ही पुरुष पाठ करून उभे राहत. बाबा शास्त्र मानणारे. बायको लिंबू ठेवताना आपण पाहिलं तर आपल्याला काहीतरी बोलावं लागेल, म्हणून ते बॉनेटमध्ये डोकं घालत. रशीदचाचा आदराने दहा पावलं दूर जाऊन विडी पेटवत. दादाराव दीक्षा घेतलेल्या घरातले, नारळ-लिंबू त्यांच्याकडे बंद झालेलं. पण वहिनींच्या मनाला लागू नये म्हणून ते काही न बोलता खांबाआड जात आणि विद्यापीठाच्या दिशेने बघत राहत. सगळं झालं की आई घंटी वाजवायची आणि तिघं परत येत. ताट धरायला मी.

तिसरा शाफ्ट तुटला तेव्हा तिघेही पुरुष गाडीखाली होते आणि आई म्हणाली, “जरा ती करवंटी गोळा कर, कुणाच्या पायात जाईल.” मी खाली बसले. मागच्या चाकांचे काळे पट्टे रस्त्यावर उमटले होते. पण चाक जिथे उभं होतं तिथून ते सुरू होत नव्हते. तिथे नुसती चमक होती, लिंबाची साल, चोथा, ओल. त्यापुढे दीड हातावर पट्टा एकदम सुरू व्हायचा, जाड, डांबर ओरबाडल्यासारखा. मी करवंटीचे तुकडे हातात घेऊन रस्त्याने मागे गेले. आधीच्या तालमींचे पट्टे अजून होते. प्रत्येकाच्या आधी तसाच कोरा तुकडा. एकच जोडी वेगळी होती, सुरुवातीपासून एकसारखी काळी. ती कधीची ते मला आठवलं. त्या रविवारी आईकडे हळदीकुंकू होतं आणि ती आली नव्हती. त्या दिवशी गाडी चारदा सुटली होती आणि शाफ्टला काही झालं नव्हतं. सगळे म्हणाले, आज नशीब चांगलं.

चाक लिंबावर घसरतं, मोकळं गरगरतं, आणि तसं गरगरत असताना त्याला एकदम कोरडा रस्ता सापडतो. तो सापडण्याचा धक्का मधला खातो. हे मला तिथेच कळलं, आणि कळल्यावर पहिला विचार आला की हे आता कुणाला सांगायचं नाही.

बाबांना सांगितलं असतं तर त्यांना इतका आनंद झाला असता की त्यांनी आईला कागदावर आकृती काढून दाखवली असती. मग आई दिवाळीपर्यंत बोलली नसती. रशीदचाचांना सांगितलं तर ते म्हणाले असते, बेटा, ये बात मेरे मुँह से मत बुलवाओ. दादारावांना सांगणं तर शक्यच नव्हतं. शहरात त्या आठवड्यात दोनदा जमावबंदी लागली होती, आणि साहेबांच्या घरच्या पूजेने साहेबांची गाडी मोडते हे दादारावांनी साहेबांना सांगायचं, असा तो प्रसंग झाला असता. मी करवंटी पिशवीत भरली.

घरी आल्यावर आईने हात धुतले आणि सांगितलं, “आता एकच दांडा राहिलाय ना? तो गेला की ती जाईल. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय.” बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी मान हलवली आणि अंगणात जाऊन गाडीजवळ उभे राहिले, एक हात टपावर ठेवून. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की गाडी जाऊ नये. माझ्याही कारणासाठी. त्या गाडीत इतका आवाज असायचा की बसलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षाच नसायची. असं ठिकाण मला शहरात दुसरं माहीत नव्हतं.

शिवाय मी ती चालवत होते. याची सुरुवात कशी झाली हे कुणालाच नीट सांगता येत नाही. तालमीच्या आदल्या संध्याकाळी, शाफ्ट शाबूत असताना, दादाराव मला पलीकडच्या रिकाम्या रस्त्यावर बसवायचे. माझी पावलं लहान, बूट कॅनव्हासचे. “ताई, इंग्रजी शाळेत गियरला काय म्हणत्यात?”

“गियर.”

“मंग आमी बी इंग्रजीच शिकलोय की!”

गाडी जोरात सोडायची पण मोडू द्यायची नाही, हे ते विहिरीवरून शिकवायचे. “बादली भरली, दोर ढिला हाय, अन् तुमी हिसका दिला. काय व्हतं? कडी तुटती. आधी दोर ताणून घ्यायचा. बादली हलली असं हाताला कळलं, की मंग ओढा किती ओढायचं ते.” म्हणजे क्लच पुरता सोडायचा नाही. हळूहळू उचलायचा, गाडीचं बूड मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसेपर्यंत. इंजिनाचा सूर किंचित खाली येतो. तो आला की दोर ताणला. मग उजवा पाय, आधी थोडा, मग सगळा. जमलं की नाही हे कसं ओळखायचं, तर मागच्या सीटवर बसलेल्याच्या मानेवरून. “मान एकदाच मागं गेली पायजे अन् तिथंच ऱ्हायली पायजे. दोनदा हलली की शाफ्ट गेला म्हणून समजा.”

मान रशीदचाचांची असायची. ते मागे मधोमध बसत, गळ्यात रुमाल, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि गाडी सुटली की मागून निकाल यायचा. “दो!” मी पुन्हा वळवून आणायची. “दो!” पुन्हा. “डेढ!” डेढ म्हणजे काय असं एकदा दादारावांनी विचारलं. रशीदचाचा म्हणाले, “बाकी आधी मैंने रोक ली मियाँ, कायकू बच्ची का दिल तोडना.” शेवटी एका शनिवारी मागून काहीच आवाज आला नाही. मी गाडी थांबवून वळून पाहिलं. ते सीटला टेकून बसले होते. “एक,” ते म्हणाले, “और पान भी निगल गया मैं.”

शर्यत दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा जमावबंदीमुळे. तिसरी तारीख ठरली तेव्हा दादाराव संध्याकाळी घरी आले आणि अंगणातच उभे राहिले. बाबा गाडीखाली होते.

“साहेब, मी इतवारी नाय.”

“का रे?”

“जेलात असंन. जेलभरो हाय शुक्रवारपासून.”

बाबा गाडीखालून बाहेर आले. उठले नाहीत, तसेच पाठीवर पडून त्यांच्याकडे पाहत राहिले. “अरे मग सोमवारी भर ना जेल. शर्यत उरकून जा.”

“तारीख आमच्या हातात नसती साहेब. तुमची शर्यत दोनदाच पुढं गेली. आमचं तर लई वर्सं झाली, पुढंच जायलंय.”

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. ‘पोहे टाकते’ असं ती म्हणाली नाही. मग बाबांनी विचारलं, “मग गाडी कोण सोडणार?”

“ताई सोडतील.”

“ती?”

“तुमच्यापेक्षा बरी सोडत्यात, राग मानू नका. मान एकदाच हलती त्यांची.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “दोर ताणून घ्या, बस. बाकी गाडीला समजतं.” चहा न घेता गेले. पेला कट्ट्यावर तसाच पालथा.

रविवारी त्या रस्त्यावर जत्रा भरली होती. खांबांना पताका, एक कुल्फीवाला, भेळेच्या दोन गाड्या, आणि कारखान्यांतली माणसं बायकामुलांसह. आईने धपाटे, दही आणि लसणाची चटणी बांधून आणली होती आणि एका वेगळ्या पिशवीत पूजा. पिशवी मी उचलून पाहिली. जड होती. शेवटच्या शाफ्टसाठी आईनेही काही हातचं राखलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या रांगेत एका कारखानदाराच्या मुलाची जीप होती, आत कुठल्याशा परदेशी गाडीचं इंजिन बसवलेली. मला स्टिअरिंगवर पाहून तो बाबांकडे वळला. “अंकल, ड्रायव्हर नाही आला?”

“आलीय की,” बाबा म्हणाले आणि खाली वाकून खडूची रेघ आखायला लागले.

मी गाडी रेघेला लावली. आई ताट घेऊन मागच्या चाकाकडे निघाली. बाबांचं डोकं बॉनेटमध्ये गेलं, रशीदचाचांनी विडी काढली. या वेळी ताट धरायला कुणी नव्हतं, म्हणून आईने ते टपावर ठेवलं. मी दार उघडून उतरले.

“आई, इथे नको.”

मी ते फार मोठ्याने म्हटलं नसावं. पण मी काही म्हणत नसे, त्यामुळे आई थांबली.

“काय नको?”

“लिंबं.”

जीपवाला मुलगा बघत होता. त्याचे मित्र बघत होते. कुल्फीवालाही. खरं कारण माझ्याजवळ तीन भाषांत तयार होतं आणि त्यातली एकही भाषा तिथे चालणारी नव्हती. आईच्या हातात सहा लिंबं होती. आठवडाभर तिने ती निवडून, डाग नसलेली, बाजूला ठेवली होती, हे मी पाहिलं होतं. तिला गाडी नको होती. पण गाडी मोडावी असंही तिला वाटत नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

“मागे झाडापाशी ठेव,” मी म्हटलं. “आपण गाडी उभी केली होती तिथे.”

“निघताना ठेवतात लिंबं. गाडी इथून निघणार आणि लिंबं तिथे?”

“गाडी तिथूनच निघते. इथे फक्त थांबते.”

आई माझ्याकडे पाहत राहिली.

“म्हणजे,” मी म्हटलं, “बस डेपोतून निघते. स्टँडवर थांबते. ड्रायव्हर नारळ कुठे फोडतो?”

“डेपोत,” आई म्हणाली. सोयगावला मामाकडे जाताना तिने ते पाहिलेलं होतं. तिने लिंबांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि बॉनेटकडे तोंड करून म्हणाली, “इतके दिवस चुकीच्या जागी करत होतो आपण. तुम्हाला एवढं शिकून कळलं नाही!” बॉनेटमध्ये पाना जोरात फिरायला लागला.

मी गाडी मागे झाडापर्यंत नेली. आईने सगळं साग्रसंगीत केलं. सहा लिंबं, तांब्याभर पाणी, नारळ. तिघांपैकी उरलेल्या दोन पुरुषांनी पाठ फिरवली. लिंबं चिरडून मी गाडी पुढे काढली आणि वाटेत पसरून ठेवलेल्या गोणपाटांवर मागची चाकं दोनदा पुढेमागे फिरवली. ही गोणपाटं मी सकाळी, शाफ्ट तुटला तर गाडी ओढायला आणलेल्या टेम्पोत टाकली होती. बाबांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, धूळ. बाबांनी माझ्याकडे, मग झाडाखालच्या चोथ्याकडे, मग चाकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुरू झालं होतं. ते पूर्ण व्हायच्या आत मी काच वर केली.

रुमाल धरणारा माणूस उंच होता. मी डावा पाय उचलत आणला. गाडीचं बूड बसलं, इंजिनाचा सूर खाली आला, स्टिअरिंगमधून एक बारीक थरथर हाताला लागली. बादली हलली. रुमाल सुटला आणि मी उजवा पाय आधी थोडा दिला. एवढ्यात जीप माझ्या शेजारून गेलेली होती. मग सगळा. माझी मान मागे गेली आणि तिथेच राहिली. लाटण्याचा आवाज आला नाही. खांब एकमेकांत मिसळले, पुढे पताकांची शेवटची माळ आली, आणि ती जीपने माझ्या आधी एक गाडीभर अंतराने ओलांडली.

आम्ही हरलो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बाबा नंतर लोकांना शर्यत सांगायचे त्यात निकालच नसायचा. मी गाडी वळवून परत आणली तेव्हा ते जीपकडे बघतही नव्हते. ते रस्त्यावर बसून पट्ट्याच्या सुरुवातीवरून बोट फिरवत होते. पट्टा पहिल्या इंचापासून काळा होता. मी उतरले. “तुला कधी कळलं?” त्यांनी हळू विचारलं. मी आईकडे पाहिलं. ती धपाट्यांचा डबा उघडत होती. बाबांनीही तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात झटकले आणि तो विषय आयुष्यात पुन्हा काढला नाही. इतका मोठा संयम मी त्यांच्यात आधी किंवा नंतर पाहिला नाही. टेम्पो त्या दिवशी रिकामा परत गेला. गाडी आपल्या चाकांवर घरी आली, आणि आई मागच्या सीटवर बसली होती, पहिल्यांदाच. फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, “भंगारवाल्याला नको म्हणून सांगा. हिला ठेवूनच घ्यायचंय तर आता पापड गच्चीवर घालू.”

जेलभरोतली माणसं पुढच्या आठवड्यात सुटायला लागली. दादाराव सुटणार हे कारखान्यात कळलं, आणि बाबांनी संध्याकाळी चपला घालत मला सांगितलं, “गाडी काढ.” तुरुंगाच्या फाटकासमोर पुष्कळ लोक होते, निळे झेंडे, हारांच्या टोपल्या. आमची गाडी तिथे लपण्यासारखी नव्हती. दादाराव बाहेर आले, गळ्यात हार, दाढी वाढलेली. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग स्टिअरिंगवर मला, मग बाबांना.

“शाफ्ट?”

“राहिला,” मी म्हटलं.

“कसा काय?”

मी त्यांना जवळ बोलावून, खिडकीतून, दबक्या आवाजात सांगितलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. मग त्यांनी विचारलं, “वहिनींला म्हाईत हाय?”

“तिला वाटतं, जागा चुकत होती.”

“मंग बराबर हाय की,” दादाराव म्हणाले. “जागाच चुकत व्हती.” आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून त्यांनी बराच वेळ खोकल्यासारखं केलं.

त्यांच्याबरोबर सुटलेल्या पाच जणांना त्याच बाजूला जायचं होतं. बाबा म्हणाले, बसा. पाचही जण मागे बसले, आणि जागा करता करता बाबा त्यांच्या मधोमध गेले, मांडीवर कुणाची तरी पिशवी. दादाराव पुढे, माझ्या उजवीकडे. बाहेरून कुणीतरी घोषणा दिली आणि आतून पाच जणांनी उत्तर दिलं. टप पत्र्याचं होतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा बाबा म्हणाले, “काचा खाली करा. आवाज कोंडतोय.” काचा खाली झाल्या. तिसऱ्या खेपेला आवाज नीट बाहेर गेला.

एवढं ओझं त्या शाफ्टवर कधी पडलं नव्हतं. रस्ता फाटकापासून चढाचा होता. दादाराव माझ्या पायांकडे पाहत नव्हते, समोर पाहत होते. मी पाय उचलत आणला. बूड बसलं, सूर खाली आला, दोर ताणला गेला. मी आरशात पाहिलं. मागे सहा माना होत्या, बाबांची मधली. मी पाय दिला आणि सगळ्या माना एकदम मागे गेल्या, एकदाच.